प्रवासी थांबेल तर बाजार चालेल

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा वाहतुकीसाठी खुला झाला. हा रस्ता शहापूर तालुक्यातून जातो. जातो म्हणजे खरोखरच निघून जातो. ठरलेल्या ठिकाणीच त्यावर चढता-उतरता येते. नाशिककडून सुटलेली मोटार शहापूरच्या बाजारात न डोकावता थेट भिवंडी तालुक्यात पोहोचते. जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर ज्यांचे गॅरेज, पंक्चरचे दुकान, बेकरी, फळांची गाडी किंवा चहाची टपरी आहे, त्यांना या बदलाचा अर्थ दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मुरबाडची गोष्ट थोडी वेगळी. तेथे रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हाच त्या पेठेचा मोठा आधार. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. पण धबधबे पाहायला निघालेली ही मंडळी खाण्यापिण्याचे सामान घरूनच भरून आणतात, सरळगाव, टोकावडे मागे टाकतात आणि संध्याकाळी आलेल्या वाटेने परत जातात. रस्त्यावर गर्दी आणि दुकानदार मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला, असे चित्र दिसते. रस्ता झाला की धंदा आपोआप वाढतो, ही आपली जुनी समजूत आता तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

त्यासाठी आम्ही या वेळी एका दूरच्या शहराची हकिकत अभ्यासाला घेतली आहे. मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगत पिनांग नावाचे बेट आहे आणि त्या बेटावर जॉर्जटाऊन हे जुने बंदराचे शहर आहे. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीय प्रवाशांना ३० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसाची अट काढली, तेव्हापासून आपल्याकडची मंडळीही तिकडे जाऊ लागली आहेत. जाऊन आलेल्यांच्या तोंडून आम्ही जे ऐकले आणि प्रवासवर्णनांतून जे वाचले, त्यातला दुकानदाराच्या आणि कारागिराच्या कामाचा भाग तेवढा येथे देत आहोत. समुद्रकिनारे आणि उंच इमारती यांचे वर्णन इतरत्र भरपूर मिळेल.

जकात नसलेले बंदर

१७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट या बेटावर उतरला आणि त्याने पेठ वसवली. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्या नावावरून तिला जॉर्जटाऊन म्हणू लागले. वस्ती वाढावी म्हणून येथे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात ठेवली नव्हती. साहजिकच चारी दिशांचे व्यापारी जमले. चीनचे आले, सुमात्रा बेटावरील आचेचे आले, अरब आले आणि तामिळ किनाऱ्यावरचे मुस्लिम व्यापारी आले. या तामिळ मुस्लिमांना तेथे चुलिया म्हणत. १८०५ साली तर कंपनीने पिनांगला बंगाल, मद्रास आणि मुंबई यांच्या बरोबरीने चौथ्या इलाख्याचा दर्जा दिला. पुढे हा दर्जा गेला, तरी १८६७ पर्यंत तेथील कारभार कलकत्त्याच्या सरकारकडेच होता. म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याचा आणि या बेटाचा मालक काही काळ एकच होता!

चुलिया व्यापाऱ्यांचे पुढारी कादर मोहिदीन यांनी १८०१ साली मशीद बांधली. पुढाऱ्याला कप्तान म्हणत, म्हणून तिचे नाव कप्तान केलिंग मशीद. तिच्यासाठी कंपनीने १८ एकर जमीन दिली होती. १८०८ साली आचेहून आलेले एक धनवान अरब व्यापारी सय्यद हुसैन यांनी दुसऱ्या भागात मशीद उभारली. त्या मशिदीपुढच्या आचे रस्त्याचा इतिहास आमच्या विषयाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे.

हजला जाणारी जहाजे पिनांगहून सुटत. सुमात्रा, दक्षिण थायलंड आणि मलाया येथील यात्रेकरू आचे रस्त्यावर येऊन उतरत आणि जहाजाची वाट पाहत राहत. कधी काही दिवस, कधी काही आठवडे. या मुक्कामात त्यांना जागा लागे, जेवण लागे, तिकीट लागे, एहरामचे कापड लागे, पैसे बदलून लागत, पत्र लिहून लागे. एकेका गरजेसाठी एकेक दुकान उभे राहिले. लोक त्या रस्त्याला दुसरी जेद्दा म्हणत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्याभोवती हाच प्रकार होता. आपल्या तालुक्यांतील जुन्या हाजींना ते दिवस आठवत असतील. मुंबईहून जहाजाने हजला जाणे १९९५ साली बंद झाले. विमानाचा प्रवासी वाट पाहत आठवडाभर राहत नाही, त्यामुळे त्याच्याभोवतीचा तो जुना व्यवहारही आटला.

आता नाणेघाटाकडे पाहू. जुन्नरहून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे माल उतरवण्याची ही वाट सुमारे २००० वर्षांपूर्वी वाहती होती. वाटेचा कोकणातला पायथा मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याजवळ आहे. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचा अभ्यास केला होता. लेण्याच्या अलीकडे दगडाचा एक प्रचंड रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे परंपरेने सांगतात. रांजणाचा उपयोग नेमका काहीही असो, घाट चढून आलेला बैल दमलेला असे, माल उतरवावा लागे, पाणी प्यावे लागे, हिशेब द्यावा लागे. घाटाच्या माथ्याला आणि पायथ्याला व्यवहार होत तो या सक्तीच्या मुक्कामामुळे. कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे येतात, ती माणसे अशाच वाटांवर श्रीमंत झाली.

आजच्या प्रवाशाला थांबण्याची सक्ती नाही. मग तो कशासाठी थांबतो, हे जॉर्जटाऊनमध्ये चांगले पाहायला मिळते.

पायी चालणारा खर्च करतो

१९६९ साली पिनांगचा मुक्त बंदराचा दर्जा काढून घेतला गेला आणि जुन्या पेठेचा कणाच मोडला. १९७२ साली बेटाच्या दक्षिण भागात कारखान्यांचा पट्टा सुरू झाला. तेथे रोजगार मिळाला, पण जुन्या शहरातील घाऊक व्यापाऱ्याला त्याचा फारसा लाभ नव्हता. १९८५ साली मुख्य भूमीला जोडणारा पूलही झाला. एका अर्थाने त्यांच्यावर जे संकट आले तेच आज आपल्या रस्त्याकाठच्या पेठांवर येऊ घातले आहे. दुकाने होती तेथेच राहिली आणि मालाची वाट बदलली.

जुने शहर मात्र बऱ्याच अंशी उभे राहिले आणि ७ जुलै २००८ रोजी मलाक्का शहरासह ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून त्याच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा ओघ वाढला.

जाऊन आलेले लोक सांगतात, की पूल असूनही पलीकडच्या बटरवर्थहून बोटीनेच बेटावर जावे. पंधरा-वीस मिनिटांत शहर हळूहळू जवळ येते. उतरल्यावर जुना भाग पायीच पाहायचा असतो. गल्ल्या अरुंद, ऊन कडक आणि हवेत दमटपणा आपल्या कोकणासारखाच. तरी माणसे तासन्‌तास चालतात, याचे एक कारण तेथील दुकानांच्या बांधणीत आहे. खाली दुकान, वर राहते घर आणि दुकानापुढे साधारण पाच फुटांची छपराखालची वाट. ही वाट सलग एका दुकानापुढून दुसऱ्या दुकानापुढे जाते. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही आणि चालणाऱ्याची नजर सतत दुकानाच्या आत जाते. आपल्याकडच्या जुन्या बाजारांतील ओटे आणि पडव्या हेच काम करीत. आता आपण ओट्यावर माल मांडून किंवा पुढे पत्रा ठोकून ती जागा खाऊन टाकली. पिनांगलाही काही दुकानदार या वाटेत मोटारसायकली आणि खोकी ठेवतात. मग उन्हात रस्त्यावर उतरावे लागते आणि पाहुण्यांची मोठी तक्रार याच गोष्टीची असते. जो दुकानदार वाट अडवतो तो शेजाऱ्याचेच नव्हे, स्वतःचेही गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे ढकलतो.

एकाच रस्त्यावर थोड्या-थोड्या अंतराने इंग्रजी चर्च, चिनी देवालय, मारिअम्मनचे मंदिर आणि कप्तान केलिंग मशीद आहे. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून परक्या पाहुण्यालाही जाता येते. ज्याचे कपडे आखूड असतील त्याला वरून घालायला झगा देतात. प्रवासी या साध्या शिष्टाचाराची आठवण पुष्कळदा काढतात.

दुसरी आठवण जेवणाची. तामिळ मुस्लिम फेरीवाले एकेकाळी खांद्यावर कावड घेऊन हिंडत. कावडीत एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला कालवणे. बंदरावरचे मजूर हे त्यांचे गिऱ्हाईक. तेथील भाषेत भाताला नासी आणि कावडीला कांदार म्हणतात, म्हणून पदार्थाचे नाव नासी कांदार. कावडी गेल्या आणि हॉटेले झाली. पण नाव तेच ठेवले, भातावर तीन-चार कालवणे मिसळून ओतण्याची पद्धतही तीच. आज नामांकित दुकानांपुढे परदेशी पाहुणे रांगेत उभे असतात. येथे आम्हाला कौतुक वाटते ते या लोकांच्या धीराचे. मजुराचे अन्न म्हणून त्यांनी ते लपवले नाही, त्यावर विलायती साज चढवला नाही. शहापूर-मुरबाडात पाहुण्यासाठी हॉटेल काढायचे म्हटले, की आपला माणूस आधी चायनीजचा फलक रंगवतो!

परत जाताना लोक काय नेतात? डाळीचे सारण भरलेली बिस्किटे खोक्यांतून नेतात. जायफळाचे तेल आणि वाळवलेले जायफळाचे तुकडे नेतात. वस्तू हलकी, टिकाऊ, खिशाला परवडणारी आणि गावाचे नाव असलेली. आमच्या बेकरीवाल्या बांधवांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. पहाटेच्या लोकलने आसनगावला उतरून माहुली किल्ल्यावर जाणारी तरुण मुले स्टेशनवरून रिक्षा करून थेट पायथा गाठतात. शहापूरची पेठ त्यांना दिसतही नाही. सकाळी सहाला स्टेशनबाहेर ताजा पाव, खारी आणि नानकटाई बांधून मिळाली, पुडक्यावर शहापूरचे नाव आणि किल्ल्याचे चित्र असले, तर त्यातील काही तरी पुडकी मुंबईपर्यंत पोहोचतील. माहुलीची ओळख मोठी आहे. शहाजीराजे १६३६ साली निजामशाहीच्या बाजूने मोगल आणि आदिलशाही फौजांशी शेवटपर्यंत झुंजले ते याच किल्ल्यावरून. ठाणे जिल्ह्यातील हा एक उंच किल्ला. एवढे भांडवल आयते असताना पुडक्यावर मुंबईच्या कंपनीचे छापील कागद कशाला?

तसेच म्हसाच्या यात्रेचे. पौष पौर्णिमेला भरणारी ही यात्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. यात्रेत दुकान मांडणारे आपले मणियार, भांडीवाले, खेळणीवाले यांना थांबलेल्या माणसाचे मोल पुस्तकात वाचायला नको. पण यात्रेचा माल म्हणजे हलका माल, ही सवय धंद्याला मारक आहे. जो शहरी पाहुणा कॅमेरा घेऊन यात्रेला येतो त्याला प्लॅस्टिकची वस्तू त्याच्या गल्लीतही मिळते. त्याला घोंगडी हवी असते, पण ती कुठल्या लोकरीची, कुणी विणली, धुवायची कशी, हे सांगणारा माणूस भेटत नाही.

फोटो काढला, माल घेतला नाही

आता दुसरी बाजू. जॉर्जटाऊनच्या गल्ल्यांत वेताच्या टोपल्या विणणारे, दुकानांच्या लाकडी पाट्या कोरणारे, उदबत्त्या वळणारे कारागीर होते आणि काही अजून आहेत. मखमलीची काळी उंच टोपी, जिला तेथे सोंगकोक म्हणतात, ती शिवणारी भारतीय मुस्लिम घराणीही आहेत. प्रवासी यांच्याविषयी फार प्रेमाने बोलतात. पण त्यांच्याकडून घेतले काय, असे विचारले तर बहुतेक जण फोटो दाखवतात.

२०१२ साली एका लिथुआनियन चित्रकाराने काही भिंतींवर चित्रे काढली. आर्मेनियन रस्त्यावर एका खऱ्या सायकलीच्या मागे भिंतीवर दोन मुले रंगवली आहेत. त्या सायकलीपुढे फोटोसाठी रांग लागते. आजूबाजूला कॉफीची आणि आठवणवस्तूंची दुकाने वाढली. जुन्या कारागिरांना यातून काय मिळाले, हा प्रश्न तेथील लोकही विचारतात. ज्याचे काम पाहायला लोक आले तो एका बाजूला राहिला आणि त्याच्या चित्राचे बनियन विकणारा पुढे गेला, अशी ही अवस्था.

याहून मोठी गोष्ट भाड्याची आहे. मलेशियात १९६६ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ३१ जानेवारी १९४८ पूर्वी बांधलेल्या इमारतींची भाडी बांधून ठेवली होती. भाडे अल्प असल्यामुळे मालकाला इमारत दुरुस्त करण्यात रस नव्हता आणि भाडेकरू असल्यामुळे पाडताही येत नव्हती. जुने जॉर्जटाऊन टिकले त्यात या कायद्याचा मोठा वाटा आहे, आणि त्यातला कारागीरही त्याच्याच आधाराने टिकला. १९९७ साली हा कायदा रद्द करण्याचे ठरले, थोडी मुदत दिली आणि १ जानेवारी २००० पासून भाडी मोकळी झाली. अनेक पिढ्या एकाच जागेत बसलेले शिंपी, सुतार, पत्र्याचे काम करणारे यांना नवे भाडे झेपले नाही. पुष्कळ जण शहराबाहेर गेले. आठ वर्षांनी वारशाचा मान मिळाला तेव्हा ज्यांच्यामुळे तो वारसा जिवंत होता, त्यातले बरेच लोक जागा सोडून गेलेले होते. त्यानंतर जुन्या घरांचे भाव आणखी चढले. ज्यांची जागा स्वतःच्या मालकीची होती ते उरले. मशिदींच्या वक्फ जागांत बसलेल्या काहींनाही आधार मिळाला, कारण वक्फची जमीन विकता येत नाही. मात्र भाडे किती घ्यायचे आणि कुणाला ठेवायचे हे व्यवस्थापन ठरवते, म्हणून तो आधारही विश्वस्तांच्या दृष्टीवर अवलंबून राहतो.

शहापूर आणि मुरबाडमध्ये रस्त्याकडेच्या जमिनीला आलेला भाव आपण पाहतोच आहोत. पर्यटनासाठी आलेला पैसा पहिल्यांदा जागेच्या किमतीत शिरतो, दुकानाच्या गल्ल्यात नंतर येतो. म्हणून प्रवासी कसा थांबेल याचा विचार करण्याआधी दुकानदाराने आपले कागद काढून पाहावेत असे आम्हाला वाटते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पिनांगची भाडी मोकळी झाली त्याच वर्षी, अवघ्या तीन महिन्यांनी. आपल्या कायद्याने जुन्या भाडेकरूचे संरक्षण मोठ्या प्रमाणात कायम ठेवले आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मालकाला दिली. परंतु हा कायदा त्याच्या परिशिष्टांत नमूद केलेल्या भागांनाच लागू होतो. आपले दुकान ज्या गावात आहे तो भाग त्यात येतो का, हे वकिलाकडून एकदा लेखी स्वरूपात तपासून घ्यावे. भाडेकरू आणि लिव्ह अँड लायसन्सवर बसलेला माणूस यांतील फरकही नीट समजून घ्यावा. ११ महिन्यांच्या लायसन्सवर बसलेल्याला भाडेकरूचे संरक्षण मिळत नाही, मुदत संपली की जागा सोडावी लागते. वडिलांच्या वेळी भाड्याने घेतलेली जागा, आता घरमालकाच्या मुलाने 'नुसती सही करा' म्हणून लायसन्सच्या कागदावर आणली, आणि आपण चहा पिऊन सही केली, असा प्रकार कुठल्याही पेठेत घडू शकतो.

कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागेच्या मालकावर आहे. लेखी नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, मालकाला ते खोटे ठरवून दाखवावे लागते. पागडी दिली असेल तर तिची पावती, दरमहा भाड्याच्या पावत्या, विजेची बिले, नगरपंचायतीचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, दुकानाच्या नोंदणीचा कागद, हे सर्व एका पिशवीत, दुकानात न ठेवता घरी ठेवावे. भाडे रोखीने देणाऱ्यांनी निदान यापुढे तरी ते बँकेतून द्यावे. घरमालक पावती देत नसेल तर मनीऑर्डरने पाठवण्याचा जुना मार्ग आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होता, आणि त्याची पोचपावती त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेली असे.